मंगळवारच्या गुंड्या

मी सांगतो त्यातलं निम्मंच खरं असतं, असं आमची ही चारचौघांत सांगत असते. निम्मं म्हणजे कुठलं, ते मात्र तिला चाळीस वर्षांत ठरवता आलेलं नाही, आणि मी काही तिला मदत करणार नाही. तरी एक गोष्ट आधीच कबूल करतो. तिसऱ्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थाच्या खालची स्प्रिंग सुटली, तो उडून पहिल्या रांगेत एका विधवाबाईंच्या शेजारी जाऊन बसला आणि पुढे त्या दोघांचं लग्न झालं, ही मी रचलेली गोष्ट आहे. लग्न झालं नाही. बाकीचं खरं.

खुर्च्या मढवणं हा माझा धंदा. आमच्या कोपऱ्यावरच्या सिनेमागृहात दोनशे चाळीस खुर्च्या आहेत आणि त्या सगळ्यांची पाठ मी जितकी ओळखतो तितकी माझी स्वतःचीही ओळखत नाही. जुन्या घडणीच्या खुर्च्या. लाल कापड, आत काथ्या, आणि प्रत्येक हाताच्या पुढच्या टोकाला कापड मढवलेली एक गुंडी. ही गुंडी लक्षात ठेवा. गोष्ट तिच्यावरच लटकलेली आहे.

मंगळवारी दुपारी तीनचा खेळ एका मंडळाला दिलेला असे. मंडळाचं खरं नाव फार लांब होतं. तिकीट खिडकीवरचा त्यांना ‘डोकेदुखी मंडळ’ म्हणायचा आणि तेच रूढ झालं. पन्नास-साठ माणसं. एक दातांचे डॉक्टर, दोन शिक्षिका, एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजातली काही पोरं-पोरी, आणि अध्यक्ष म्हणून एक जुने प्राध्यापक, ज्यांच्या गळ्यातला मफलर भर उन्हाळ्यातही सुटत नसे. कधीही न चाललेले, कधी बंदीच घातलेले, आणि बघितल्यावर माणूस घरी जाऊन आरशाकडे जरा जपून बघेल असे सिनेमे ही मंडळी हौसेने बघत.

मला त्यात गम्य नव्हतं. मी सिनेमा बघतो तो पाय दुखले की. पण एका मंगळवारी मी मागच्या रांगेत एक मोडका पाय ठोकत होतो आणि दिवे गेले. अंधारात हातोडी चालवली तर अंगठा जायचा, म्हणून बसून राहिलो.

पडद्यावर एक माणूस होता आणि त्याच्या घरात एक जिना होता. पहिल्या दिवशी जिन्याला चौदा पायऱ्या. दुसऱ्या दिवशी पंधरा. बस, एवढंच. भूत नाही, खून नाही, साधं मांजरही आडवं जात नाही. माणूस रोज सकाळी खाली उतरतो आणि रोज एक पायरी जास्त. तो कुणाला सांगत नाही. हळूहळू तो कामावर जरा उशिरा पोचायला लागतो, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी घरी गेलो तर मी आमच्या पायऱ्या मोजल्या. अकरा. दुसऱ्या दिवशीही अकरा. आता सहा वर्षं झाली, मी रोज मोजतो आणि अकराच भरतात. पण मोजायचं थांबवलं तर किती होतील याची खात्री मी देऊ शकत नाही.

पुढच्या मंगळवारी मी अध्यक्षांना गाठलं. ते चहाच्या टेबलापाशी बिस्कीट बुडवत होते.

“प्राध्यापकसाहेब, त्या जिन्याचं काय झालं शेवटी?”

“दिग्दर्शकाला तिथं मृत्यू सुचवायचाय,” बिस्किटावरची नजर न काढता ते म्हणाले.

“मृत्यू असता तर पायऱ्या कमी नसत्या का झाल्या? इथं तर वाढतायत.”

बिस्कीट चहात पडलं. “तुम्ही खुर्च्या बघा,” ते म्हणाले.

तर मी खुर्च्या बघितल्या. दर बुधवारी सकाळी मी सबंध सभागृह फिरून बघतो: कुठं टाका उसवला, कुठं कापड फाटलं. जिन्याच्या सिनेमानंतरच्या बुधवारी मला खाली आठ गुंड्या सापडल्या होत्या. तेव्हा मी त्या लावल्या आणि विसरलो. पण अध्यक्षांनी हुकूमच केल्यावर मी नीट ध्यान द्यायला लागलो आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की, हसायच्या सिनेमाला गुंडी पडत नाही. रडायच्या सिनेमाला पडत नाही. तिथं दोन्ही हात रुमालात असतात. मारामारीच्या सिनेमाला खुर्चीची पाठ दुखावते, मागचा लाथा घालतो म्हणून. गुंडी तेव्हाच निघते, जेव्हा माणसाला आतून काहीतरी कुरतडत असतं आणि त्याला ते शेजाऱ्याला कळू द्यायचं नसतं. तो शांत बसतो, चेहरा सभ्य ठेवतो, आणि त्याची बोटं गुंडी पिळत राहतात. पिळता पिळता दोरा तुटतो. त्याला पत्ताही नसतो.

एकदा मंडळाने तीन तासांचा एक सिनेमा लावला. त्यात एक बाई एक दार उघडू की नको असा विचार करते. तीन तास. शेवटी उघडते, तर आत प्रेक्षक बसलेले. अध्यक्ष उभे राहून म्हणाले, असा सिनेमा शंभर वर्षांत एकदा होतो. बुधवारी बघतो तर गुंडी एकही नाही. मात्र पाठींवर वरच्या बाजूला डोक्यांच्या तेलाचे एकोणीस डाग. शंभर वर्षांतून एकदा लागावी अशी झोप लागली होती मंडळींना.

दुसरा एक होता, त्यात दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडात बघतो तर घशाच्या आत एक दिवा लावलेली खोली आणि पाठमोरं कुणीतरी बसलेलं. अध्यक्ष म्हणाले, हे स्वस्त आहे. पाच गुंड्या पडल्या. त्यातल्या तीन एकट्या आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या. हात दोन आणि गुंड्या तीन कशा, तर त्यांनी शेजारणीच्या खुर्चीचीही उपटली होती.

माझं मत विचाराल तर ऐका, नाही विचारलंत तरी ऐका. घाबरवणारा सिनेमा अंगावर येतो. एक किंकाळी मारली की माणूस मोकळा. हे दुसरे सिनेमे अंगावर येत नाहीत, ते घरी येतात. मुकाट्याने चपला काढतात आणि आपल्या खुर्चीत बसतात. आणि ते मोठ्या कोड्यांनी येत नाहीत, लहानशा चुकीने येतात. एक पायरी जास्त. एक दिवा नको तिथं. भुताला माणूस एकदा घाबरतो. पण ‘हे असं कसं?’ हा प्रश्न चावला की त्यावर औषध नाही.

हे सगळं घरी सांगितलं तेव्हा आमची ही म्हणाली, “अहो, माणसं सिनेमाला जातात आणि तुम्ही गुंड्यांना.” एकाच व्यक्तीने मन लावून ऐकलं. ती म्हणजे टिटवी.

टिटवी ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. जन्मली तेव्हा जी ओरडली त्यावरून हे नाव पडलं, आणि पुढे बोलणं कमी झालं तरी नाव राहिलं. भावाचं औषधांचं दुकान. माणूस सरळ, पट्टीने आखलेला. गोळ्यांची पाकिटं लेबल पुढे करून लावणारा. टिटवीने मात्र शिक्षण संपल्यावर दीड वर्ष खपून, उसन्या कॅमेऱ्यावर, मित्रमैत्रिणींना राबवून एक सिनेमा केला होता. आणि मंडळाने तो मंगळवारी दाखवायचं कबूल केलं होतं.

आदल्या रविवारी ती दोघं बापलेक माझ्या दुकानात आली. भाऊ उभाच राहिला. माझ्याकडे बसायला खुर्ची नसते. सगळ्या उलट्या पडलेल्या असतात.

“दादा, तू साक्षीला राहा,” तो म्हणाला. “हिचं आणि माझं ठरलंय. मंगळवारी लोकांवर काही परिणाम झाला, तर हिने पुढचा सिनेमा करावा, मी आडवा येणार नाही. नाही झाला, तर बुधवारी सकाळी नऊ वाजता दुकानात काउंटरवर. कायमचं.”

“परिणाम झाला हे कुणी ठरवायचं?” मी विचारलं.

“तेच तर,” टिटवी म्हणाली. “बाबा म्हणतात टाळ्या. मी म्हणते गुंड्या.”

“गुंड्या?” भावाने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू मुदत संपलेलं औषध.

“काकाचं शास्त्र आहे ते. जिन्याच्या सिनेमाला आठ पडल्या होत्या. मला आठ पडल्या तर मी जिंकले.”

भाऊ हसला. फार दिवसांनी हसला. “ठीक आहे. आठ गुंड्या. पण मोजणार हा?” त्याने माझ्याकडे बोट केलं. “ज्याने मला लहानपणी सांगितलं होतं की, आपल्या शाळेची घंटा म्हणजे एका बुडालेल्या जहाजाचं टोपण आहे?”

“ते खरं होतं,” मी म्हणालो.

जाताना टिटवी मागे रेंगाळली. “काका, बाकी कशातही थाप मार. यात नको. मला खरंच जाणून घ्यायचंय. पडल्या नाहीत तर नाही पडल्या म्हण.”

मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे शपथ नव्हे.

खरं सांगू, मी घाबरलो होतो. पोरगी दीड वर्ष एका गोष्टीमागे वाळली होती. तिला काउंटरवर उभी बघण्याची कल्पना मला सोसेना. आणि माझ्या शास्त्रावर तिने सगळं लावलं, हे त्याहून सोसेना. शास्त्र चुकलं तर? म्हणून मंगळवारी सकाळी मी पातं घेऊन सिनेमागृहात गेलो आणि मधल्या वाटेच्या डाव्या बाजूच्या खुर्च्यांच्या गुंड्या सैल करायला बसलो. चार पदरी दोऱ्यातले तीन पदर कापायचे, एक ठेवायचा. नुसतं बोट लागलं तरी पडावी. रांगेमागून रांग. अकरा वाजेपर्यंत डावी बाजू झाली. उजवीकडे वळलो, पहिल्या खुर्चीला हात घातला, आणि मागून आवाज आला.

“काय करताय हो?”

मालकीणबाई. सिनेमागृह त्यांचं. हातात चहाचे दोन पेले.

“गुंड्या घट्ट करतोय,” मी म्हणालो. तोंडातून थाप सुटायला मला श्वास लागतो तेवढाच वेळ लागतो.

“बाई गं! न सांगता?” त्या इतक्या खूश झाल्या की समोरच्या खुर्चीत बसल्याच. “करा करा. मी बघते. मला हाताचं काम बघायला फार आवडतं.”

आता करतो काय? पातं खिशात, दाभण बाहेर. मेण लावलेला दोरा घेऊन मी उजव्या बाजूची एकेक गुंडी घट्ट करायला लागलो. बाई बघत होत्या, चहा पीत होत्या, त्यांच्या सुनेबद्दल सांगत होत्या. सुनेबद्दल सांगायला पुष्कळ होतं. दुपारी दीड वाजेपर्यंत मी उजवी बाजू अशी शिवली की तशी मी माझ्या साऱ्या हयातीत शिवली नव्हती. आठ पदरी. त्या गुंडीला धरून खुर्ची उचलता आली असती. बाई उठल्या, म्हणाल्या, “आता वीस वर्षं चिंता नाही,” आणि गेल्या. आणि लगेच मंडळाची पोरं पडदा तपासायला आत आली.

म्हटलं जाऊ दे. अर्धी बाजू तर अर्धी. डावीकडून आठ गुंड्या पडायला कितीसा उशीर?

तीन वाजता माणसं आली. डावीकडे एकतीस, उजवीकडे अठ्ठावीस. भाऊ आणि भावजय उजवीकडे पाचव्या रांगेत. भाऊ वाटेच्या कडेला, म्हणजे कंटाळा आला तर उठता यावं. त्याने त्याचा जाड कोट अंगातच ठेवला होता. टिटवी माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत.

दिवे गेले.

सिनेमात एक घर आहे. आई, वडील आणि आठ वर्षांची मुलगी. वडील संध्याकाळी येतात, कोट खुर्चीवर फेकतात, ओरडतात, नळ गळत असतो तो गळत राहतो. वडिलांचं काम आमच्या तिकीट खिडकीवरच्याने केलं होतं. मी त्याला रोज बघतो, पण तिथं तो कुणी वेगळाच वाटत होता. मग एका संध्याकाळी वडील येतात आणि कोट खुंटीला अडकवतात.

एवढंच. कोट खुंटीला.

आईची मान किंचित वळते. मुलगी जेवताना घास तसाच धरून बसते. वडील हसून विचारतात, आज शाळेत काय झालं? जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलतात. नळ दुरुस्त करतात. दुसऱ्या दिवशीही तसंच. कुणी काही बोलत नाही. शेजारीण म्हणते, किती बदलले हो तुमचे! आई म्हणते, हो ना. सगळं छान चाललेलं असतं. आणि ते जितकं छान चालतं तितका माझा पाठीचा कणा वर सरकत होता. कारण तुम्हाला ठरवताच येत नाही. हा सुधारलेला बाप की बदललेला बाप? तोच माणूस, तेच नाक, तोच आवाज. नळ गळायचा थांबतो आणि ती शांतता एवढी मोठी होते की, पुन्हा गळू दे असं वाटतं.

आई एक दिवस मुलीचे केस विंचरत असते. बाहेरच्या खोलीत वडील खुर्चीचा डुगडुगणारा पाय नीट करत असतात. ठक, ठक. मुलगी हळूच विचारते, “आई, पहिले बाबा आता कुठं जेवत असतील?”

आईचा हात थांबत नाही. ती विंचरतच राहते. बाहेरची ठकठक मात्र थांबते.

दिवे लागले.

सिनेमागृहात मी कितीतरी शांतता ऐकल्यात. कंटाळ्याची ऐकलीय, झोपेची ऐकलीय. ही निराळी होती. टाळी एकही नाही. मंडळी उठली, एकमेकांकडे न बघता वाटेने गेली. चहाच्या टेबलाजवळ कुणीही थांबलं नाही, आणि डोकेदुखी मंडळ चहा सोडतं म्हणजे काय? अध्यक्ष तर मफलर खुर्चीवरच विसरून गेले.

भाऊ शेवटी उठला. आमच्यापाशी आला, दोन्ही हात कोटाच्या खिशात. चेहरा पांढरा, पण आवाज त्याचा नेहमीचा.

“एकानेही टाळी वाजवली नाही,” तो टिटवीला म्हणाला. “उद्या नऊ वाजता.” आणि बायकोला घेऊन निघून गेला.

टिटवी बाल्कनीच्या जिन्यावर जाऊन बसली. मी म्हटलं, थांब, मोजून येतो.

डाव्या बाजूला बावीस गुंड्या पडल्या होत्या. मी त्या ओंजळीत गोळा केल्या आणि मला अजिबात आनंद झाला नाही. तीन पदर मीच कापले होते. त्या खोकल्यानेही पडल्या असत्या. माझी चाल फत्ते झाली होती आणि मला काहीच कळलं नव्हतं. मलाही जाणून घ्यायचं होतं की! उजवीकडे सहज नजर टाकली. उजवीकडे काय असणार?

पायाखाली काहीतरी गोल आलं.

मी वाकलो. मग गुडघ्यांवर बसलो. मग या वयात चक्क रांगलो. एक, दोन, सहा, अकरा. आठ पदरी, मेण लावलेल्या दोऱ्याने दीड वाजता शिवलेल्या गुंड्या, साडेचार वाजता जमिनीवर. सतरा! काहींबरोबर कापडाचा तुकडाही फाटून आला होता. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि माझ्या तोंडातून एक शब्दसुद्धा फुटेना. आमची ही असती तर तारीख लिहून ठेवली असती.

दोन खिशांत दोन बाजू घालून मी जिन्याकडे धावलो.

“टिटवे! सतरा! नुसत्या उजवीकडच्या सतरा!”

तिने वर बघितलंही नाही. “काका, तुझ्या खिशात कायम गुंड्या असतात.”

“अगं या खऱ्या आहेत.”

“तुझ्या दुकानात डबाभर आहेत खऱ्या. मी सांगितलं होतं ना, यात नको?” आणि मग, फार दमलेल्या आवाजात, “मला गंमत नकोय रे.”

साठ वर्षं मी थापा मारल्या आणि लोकांनी माना डोलावल्या. आज आयुष्यात पहिल्यांदा मला खरं सांगायचं होतं आणि घेणारी कुणी नव्हती. तेव्हा मला उमगलं की, एकच वाट उरलीय. आणि ती माझ्याच इभ्रतीवरून जाते.

“ऐक,” मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो. “आज सकाळी मी पातं घेऊन आलो होतो. डाव्या बाजूच्या सगळ्या गुंड्या मी सैल करून ठेवल्या. तू जिंकावीस म्हणून.”

आता तिने बघितलं. आणि काय बघितलं! “तू माझ्या सिनेमात लबाडी केलीस?”

“केली. तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून केली. माझ्या शास्त्रावरही नव्हता. पण उजवीकडे वळलो तर मालकीणबाई येऊन बसल्या आणि मला त्या घट्ट कराव्या लागल्या. विचार त्यांना. आठ पदरी शिवल्यात.” मी दोन्ही मुठी तिच्यासमोर उघडल्या. “माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. दोरा बघ.”

तिने डावीकडची एक उचलली. दोरा सरळ कापलेला, आणि एकच पदर ओढून तुटलेला. मग उजवीकडची. दोरा पिंजलेला, ताणून ताणून केसासारखा झालेला, मेण सुटून पांढरा पडलेला. तिने दुसरी बघितली. तिसरी. मग सगळ्याच मांडीवर ओतल्या आणि एकेक उजेडाकडे धरून बघायला लागली. तिचा राग कुठं गेला ते मला दिसलं नाही; मला एवढंच दिसलं की, ती आठ वर्षांची असताना मेलेला भुंगा जसा बघायची तसं बघत होती.

“माणूस पिळतो तेव्हा किती वेळ पिळावं लागत असेल, असा तुटायला?” तिने विचारलं.

“तासभर तरी.”

“म्हणजे खुंटीपासून,” ती पुटपुटली. “म्हणजे त्यांना कोट खुंटीला लागल्यापासूनच कळलं.”

ती उठून सभागृहात गेलीच. मी मागून. उजवीकडची प्रत्येक रिकामी जागा ती बोटाने चाचपत होती. इथं पोस्टमन होते. इथं त्या शिक्षिका, दोघींच्याही. इथं अध्यक्ष! अध्यक्षांची तर कापडासकट. “पण काका, भोकं अठरा आहेत.”

“सतराच.”

“अठरा. मोज.”

मी मोजली. अठरा होती. पाचव्या रांगेतली, वाटेच्या कडेची खुर्ची. उजवा हात. तिथं गुंडी नव्हती आणि जमिनीवर तर मी कोपरा न् कोपरा रांगलो होतो. आम्ही दोघंही त्या खुर्चीकडे बघत उभे राहिलो. तिथं कोण बसलं होतं हे सांगायची गरज नव्हती.

बुधवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दुकानात पोचलो. टिटवी म्हणाली होती, ठरलं म्हणजे ठरलं, वेळेवर जायचं. भाऊ काउंटरमागे पाकिटं लावत होता. लेबलं मागे होती. एरवी हे मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीही थाप म्हणाला असतात.

“दादा, बरं झालं आलास,” तो म्हणाला, आणि गल्ल्याशेजारी एक लाल गुंडी ठेवली. “हे तुझंच दिसतंय. कोटाच्या खिशात सापडलं. कसं आलं माहीत नाही. मी काही चोरलेलं नाही.”

“तुटलीय ती,” मी म्हणालो. “आठ पदरी.”

त्याने टिटवीकडे बघितलं. “त्या सिनेमात त्याच्या अंगात माझ्यासारखा कोट होता.”

“तुमचाच होता, बाबा. कपाटातून नेला होता. सांगणार होते.”

“अच्छा.” तो बराच वेळ एकच पाकीट सरळ करत राहिला. “काल संध्याकाळी घरी गेलो. आपला नळ गळतोय दोन वर्षं. म्हटलं, आज करून टाकू. पान्हा हातात घेतला आणि मागे वळलो, तर तुझी आई दारात उभी.”

“मग?”

“माझ्याकडे बघत होती. अशी बघत होती, की मी पान्हा ठेवून दिला. कोटही खुर्चीवरच टाकला.”

मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही. दोन्ही एकदम आलं तर काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

“आठ पाहिजे होत्या ना?” भाऊ म्हणाला. “किती पडल्या?”

मी तोंड उघडलं, पण टिटवीने माझ्या पायावर पाय दिला. “खऱ्या अठरा,” ती म्हणाली. “ही धरून. शिवाय बावीस खोट्या. काकाने कापल्या होत्या.”

भावाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

“अठरा,” तो म्हणाला. मग काउंटरवर कोपरं टेकून, अगदी हळू आवाजात, गिऱ्हाईक जसं नाजूक दुखणं सांगतं तसं विचारलं, “ते पहिले बाबा... त्यांचं पुढे काय होतं? कुठं असतात ते?”

“मला नाही माहीत, बाबा.”

“तुलाही माहीत नाही?”

“नाही ना. तेच तर शोधायचंय. तो पुढचा सिनेमा.”

भाऊ सरळ झाला. टिटवी काउंटरची फळी उचलून आत येणार होती, ती फळी त्याने हाताने दाबून धरली.

“मग शोध की,” तो म्हणाला. “इथं उभी राहून सापडणार आहेत का ते?”

ती गेली. पळतच गेली. मी गुंडी उचलायला हात पुढे केला, तर भावाने ती आधीच मुठीत घेतली होती आणि पिळत होता.

त्यांचा नळ अजून गळतो. मी दुरुस्त करून देतो म्हटलं, तर भावजय म्हणाली, “भाऊजी, राहू द्या. आवाज असलेला बरा.”